धरणे, धारण करणे आणि होल्ड

या वेळचा लेख माझ्या नेहमीच्या विषयांतला नाही. म्हणजे कॉम्प्युटर आहे, पण चवीपुरताच. खरा विषय आहे रत्नागिरीतली खोती आणि एक साधं इंग्रजी क्रियापद. दोन्हींचा काय संबंध, असं वाटत असेल तर मलाही दोन महिन्यांपूर्वी तसंच वाटत होतं.

झालं असं. एका गुरुवारी भर मीटिंगमध्ये गावाहून काकांचा फोन. काका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. वय अठ्ठ्याहत्तर, रत्नागिरीपासून तासाभरावर आमचं जे गाव आहे तिथे काकूबरोबर राहतात. एरवी ते फोन करतात ते आंब्याच्या पेट्या कधी पाठवू हे विचारायला. त्या दिवशी थेट प्रश्न आला, "काय रे, इंग्रजीत 'हेल्ड बाय' म्हणजे काय? मालकी, बरोबर ना?"

मी म्हटलं, "काका, ते संदर्भावर अवलंबून आहे. एक मिनिट होल्ड करा, मी बाहेर येतो."

"बघ! मला होल्ड करायला सांगतोस आणि अर्थ सांगता येत नाही. वीस वर्षं इंग्रजीत पगार घेतोस ना रे मेल्या?"

बाहेर येऊन ऐकलं ते असं. आमच्या शेजारच्यांना (त्यांना इथे दादा म्हणतो, काकांहून दहा-बारा वर्षांनी लहान) घर बांधायला बँकेचं कर्ज हवं होतं. दादांचे आजोबा आमच्या पणजोबांचं कूळ. जमीन केव्हाच त्यांच्या नावावर झालेली, ३२ म चं सर्टिफिकेटसुद्धा आहे. पण सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात आमच्या पणजोबांचं नाव कसं कोण जाणे तसंच राहून गेलेलं. ते काढायचं तर पणजोबांच्या वारसांनी जबाब द्यायचा की आमची हरकत नाही. आणि काकांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक जुना इंग्रजी कागद काढला होता, ज्यात त्या जमिनीपुढे 'हेल्ड बाय' आणि पुढे पणजोबांचं नाव होतं. काकांचं म्हणणं, सरकारनेच लिहून दिलंय की जमीन आपली होती, मग आपली हरकत का नसावी?

मी म्हटलं, शनिवारी येतो.

शुक्रवारी रात्रभर झोप आली नाही म्हणून 'होल्ड' घेऊन बसलो. इंग्रजीतल्या या चार अक्षरांच्या क्रियापदाने काय काय करावं! हात धरतात तेव्हा होल्ड. श्वास रोखतात तेव्हा होल्ड. सभा भरवतात, परीक्षा घेतात, पद भूषवतात, मत बाळगतात, शेअर्स बाळगतात, गड लढवतात, गुन्हेगाराला डांबून ठेवतात, हंड्यात वीस लिटर पाणी मावतं, हवामान टिकून राहतं आणि न्यायाधीश निकालात एखादी गोष्ट ठरवतात, या सगळ्याला होल्ड. मराठीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागलं, बघा. आमच्या धंद्यात तर थ्रेड लॉक 'होल्ड' करतो. म्हणजे एका वेळी एकानेच वापरायची वस्तू त्या थ्रेडने अडवून ठेवलेली असते, प्रत्यक्ष वापरत असो वा नसो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अर्थात मराठीनेही गप्प बसू नये. 'धरणे' घ्या. हात धरतात तसा राग धरतात, अबोला धरतात, रस्ता धरतात, ताल धरतात, म्हातारा माणूस अंथरूण धरतो, पाऊस जोर धरतो, हिशेबात अमुक रुपये धरतात. कचेरीसमोर बसतात तेही धरणे आणि पाणी अडवतं ते धरण. आमच्याकडे जानेवारीत सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, यंदा फळ धरलं का? मोहर भरभरून आला तरी थंडीने दगा दिला, मध्येच ढगाळलं, की फळ धरत नाही. इंग्रजीत इथे 'होल्ड' चालत नाही, 'सेट' लागतो. कृषी खात्याची माणसं याला फळधारणा म्हणतात आणि ऐकणारा बागायतदार म्हणतो, म्हणजे धरलं की नाही ते सांगा. 'धरणे' आणि 'धारण करणे' यांत हाच फरक आहे. पहिलं घरातलं, दुसरं कचेरीतलं.

आणि खोतीचं भांडण या कचेरीतल्या शब्दावरूनच झालेलं आहे.

ज्यांना खोती म्हणजे फक्त आडनाव किंवा सिनेमातला मिशा पिळणारा म्हातारा एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबई इलाख्यात देशावर रयतवारी होती, म्हणजे शेतकरी आणि सरकार यांचा थेट संबंध. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र बहुतेक गावं खोती. गावाचा सारा सरकारात भरायची जबाबदारी खोताची. त्यासाठी तो दरसाल सरकारला कबुलायत लिहून देई आणि मग गावातल्या कुळांकडून वसूल करी. खोत बहुतेक ब्राह्मण, काही मराठा, काही मुसलमान. खोती वंशपरंपरेने चाले आणि आण्या-पैने वाटली जाई. आमची दोन आण्यांची होती, म्हणजे गावाचा आठवा हिस्सा. घरात अजूनही 'आपली दोन आणे' असा उल्लेख होतो, जणू डब्यात ठेवलीयत.

कुळांतही पायऱ्या होत्या. धारेकरी हा वरचा. तो सरकारने ठरवलेला धाराच खोताला देई, वर काही नाही. त्याच्याखाली थोडं जास्त देणारे, कागदांत ज्यांना दुपटकरी, दिडपटकरी अशी नावं आहेत. आणि सगळ्यात खाली साधं कूळ. हे पिकाचा हिस्सा देई, भातजमिनीवर अर्धेल म्हणजे निम्मं भात, वरकस जमिनीवर तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय वेठ होतीच. खोताच्या शेतावर फुकट राबायचं, त्याची पालखी उचलायची. आमच्या घरच्या आठवणींत खोतीचा गणपती आहे, खोतीचे मान आहेत. वेठ नाही. ती मला पुस्तकांतून कळली. दादांच्या घरच्या आठवणींत बहुधा उलट असेल, मी कधी विचारलं नव्हतं.

आता प्रश्न असा की या सगळ्यात जमीन कोणाची? १८१८ साली पेशवाई गेली, कोकण इंग्रजांकडे आलं आणि साहेबाने हाच प्रश्न विचारला. खोत म्हणाला, माझी. पिढ्यान् पिढ्या गाव आमच्याकडे आहे, आम्ही जंगल तोडून वसवलंय. सरकारातले बरेच अधिकारी म्हणाले, छे, तू वसुलीचा मक्तेदार, दरसाल कबुलायत लिहून देतोस ती काय मालक देतो? हा शब्दच्छल नव्हता. खोत मालक असेल तर कूळ म्हणजे त्याच्या मर्जीने राहणारा भाडेकरू, उद्या हाकलता येईल, अर्धेलीचं पाऊण करता येईल. खोत मक्तेदार असेल तर कुळाचा स्वतःचा हक्क उभा राहतो आणि सरकारला प्रत्येक शेतावर दर ठरवून खोताचा हात बांधता येतो. १८६०च्या दशकात सर्व्हेवाले साखळ्या घेऊन गावोगाव फिरू लागले तेव्हा नेमकं हेच सुरू झालं. कुठे खोतांनी कबुलायती नाकारल्या, कुठे सरकारने गावं जप्त केली, कोर्टं भरली.

खोतांकडे माणसंही तशीच होती. विश्वनाथ नारायण मंडलीक, १८३३ साली दापोलीजवळच्या मुरुडला जन्मलेले, मुंबईतले नावाजलेले वकील आणि स्वतः खोत. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसून त्यांनी खोतांची बाजू लढवली. पुढे खुद्द टिळकांनी, ज्यांचं चिखलगाव दापोली तालुक्यातच आणि तिथल्या खोतीत ज्यांचा वाटा होता, केसरीतून खोतांची कड घेतली. (टिळकांवर प्रेम असणाऱ्यांनी रागावू नये. मीही त्यांतलाच आहे. पण खोताच्या घरी वाढलेल्या माणसाला खोती कशी दिसते हे मला स्वतःवरून माहीत आहे.)

शेवटी १८८० साली मुंबई सरकारने खोती सेटलमेंट कायदा केला, त्या वर्षाचा पहिलाच. यात मालक कोण ते सरळ सांगितलेलंच नाही! खोत गाव 'होल्ड' करतो. त्याच गावातली जमीन धारेकरी 'होल्ड' करतो. कायमचं कूळ तेही 'होल्ड'च करतं. तिघांना एकच क्रियापद. मराठीत हे वाक्य करून बघा. 'खोत धरतो, धारेकरी धरतो, कूळ धरतं', यावर कोणीही विचारील, अहो पण धरलंय कोणी आणि सोडलंय कोणी?

मला आधी वाटलं की हा इंग्रजांचा बेरकीपणा. मग लक्षात आलं की बेरकीपणा असेलही, पण त्यामागे त्यांची खरीखुरी समजूत होती. इंग्रजी कायद्यात जमिनीचा 'मालक' ही कल्पनाच पातळ आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि सगळी जमीन राजाची झाली. सरदार ती राजाकडून धरून, त्यांच्या हाताखालचे सरदारांकडून धरून, अशी साखळी. वीस वर्षांनी, १०८६ साली, त्याने देशभराची पाहणी करून घेतली, डूम्सडे बुक म्हणतात त्याला. इंग्लंडचा सातबाराच म्हणा. लॅटिनमध्ये आहे आणि त्यात पानोपानी एकच क्रियापद येतं, 'तेनेत', म्हणजे धरतो. अमका अमुक गाव राजाकडून धरतो. या 'तेनेरे' धातूवरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तो शब्द 'टेनंट'. म्हणजे आपण ज्याला भाडेकरू किंवा कूळ म्हणतो तो टेनंट आणि रुबाबदार दिसणारा 'लँडहोल्डर', दोन्हींचा अर्थ शब्दशः एकच, धरणारा! आजही तिकडे लोक घर 'फ्रीहोल्ड' किंवा 'लीजहोल्ड' घेतात. धरण्यातून सुटका नाही.

त्याहून मागे जावं तर 'होल्ड'चा जर्मानिक पूर्वज जमिनीचाही नव्हे. गॉथिक भाषेत 'हाल्दान' म्हणजे गुरं राखणे. राखणारा तो गुरांचा मालक असेलच असं नाही, हे कोकणातल्या कुठल्याही राखण्याला विचारा.

तर असा साहेब, ज्याच्या देशात सरदारसुद्धा टेनंट असू शकतो, तो रत्नागिरीत येऊन खोताला 'होल्डर' म्हणतो. ऐकणारा खोत त्याचा अर्थ मालक असा घेतो. कुळाला कोणी काही सांगतच नाही. आणि 'कूळ' हा शब्द तरी काय! घराणं म्हणजेही कूळ आणि दुसऱ्याची जमीन कसणारा म्हणजेही कूळ. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीच मुंबईत छापून झाला होता, तेव्हा शब्दांना शब्द मिळत नव्हते असं नाही. ताबा, कबजा, वहिवाट, भोगवटा, मालकी, मराठीत पाच वेगवेगळे शब्द होते. पाचही वेगवेगळे होते, हीच तर अडचण. यांतला एक निवडला की भांडणाचा निकाल लागतो. 'होल्ड' म्हटलं की निकाल पुढे ढकलता येतो.

१८८० च्या आदल्याच वर्षी, १८७९ साली, लँड रेव्हेन्यू कोड झाला होता आणि त्याचा वारस म्हणजे आपला १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम. त्याच्या दुसऱ्या कलमात जमीन धारण करण्याची व्याख्या आहे. सारांश असा की कायदेशीररीत्या जमिनीचा कबजा असणे, मग तो कबजा प्रत्यक्ष असो वा नसो. मी हे तीनदा वाचलं. प्रत्यक्ष असो वा नसो! वर सांगितलेला लॉक आठवला का? आमच्याकडे असंच होतं. एखादा प्रोसेस लॉक घेतो आणि मध्येच मरतो. तो मेलेला, पण नोंदीत लॉक त्याच्याच नावावर. बाकीचे सगळे त्याची वाट पाहत ताटकळत उभे. याला स्टेल लॉक म्हणतात, आणि तो हाताने जाऊन काढावा लागतो. आमचे पणजोबा १९३१ साली वारले. सातबाऱ्यावर ते अजून होल्ड करून होते.

खोती कशी गेली ते थोडक्यात सांगतो, कारण शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही. कुलाबा जिल्ह्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली १९३३ साली खोतांविरुद्ध संप केला, तो १९३९ पर्यंत चालला. जमिनी न कसणे हा संप! सहा हंगाम. शेतकरी जंगलातली लाकडं विकून जगले. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्यांचं मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातलंच. विधेयक तेव्हा पास झालं नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई खोती नाहीशी करण्याचा कायदा आला, १९४९ चा, आणि १५ मे १९५० पासून तो लागू झाला. बाकी कुळांना १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी मालकी आली. आमच्या घरात याला 'जमिनी गेल्या' म्हणतात. लहानपणी मी दादांच्या मुलाला त्यांच्याच बागेत कैऱ्या पाडताना "ही आमची जमीन आहे" असं ऐकवलं होतं. तो काही बोलला नाही. कैऱ्या मात्र अर्ध्या वाटून दिल्या. अर्धेल!! (हे मला आत्ता लिहिताना सुचलं आणि हसू आलं नाही.)

असो. तर शनिवारी आंबा घाट उतरून गावी पोचलो. ओटीवर ट्रंक उघडीच होती. मोडीतले कागद, दप्तराच्या चिंध्या, एक कबुलायतीची नक्कल आणि तो प्रसिद्ध इंग्रजी कागद. टाइप केलेली नक्कल, पिवळी, घडीवर फाटलेली. काकांनी बोट ठेवलं, "हे बघ. हेल्ड बाय."

मी म्हटलं, "काका, खालच्या दोन ओळी वाचल्यात?"

खाली त्याच सर्व्हे नंबरच्या पोटहिश्शापुढे दादांच्या आजोबांचं नाव होतं. मागेही तेच दोन शब्द. हेल्ड बाय.

काकांनी चष्मा पुसला. परत वाचलं. "म्हणजे टायपिंगची चूक?"

मग मी त्यांना शुक्रवारी रात्री वाचलेलं सगळं सांगितलं. विल्यम, डूम्सडे, १८८०, सगळं. काकूने मध्ये दोनदा चहा आणला. काका शांतपणे ऐकत होते, जे ते सहसा करत नाहीत. मध्येच म्हणाले, "टिळकपण?" मी म्हटलं, "टिळकपण." मग बराच वेळ ते कबुलायतीची नक्कल बघत बसले. त्यात पणजोबांनी अमुक सालाकरिता गावचा वसूल भरण्याचं कबूल केलं होतं. 'सालाकरिता' या शब्दावर त्यांचं बोट थांबलेलं मी पाहिलं.

"मला नाना सांगत," ते म्हणाले, "की आपण उदार म्हणून कुळांना राहू दिलं. त्यांनी धरून ठेवलीन् आणि मग सरकारने देऊन टाकलीन्." नाना म्हणजे त्यांचे वडील.

मी काही बोललो नाही. काकांच्या वयाच्या माणसाला त्याच्या वडिलांबद्दल काय सांगायचं?

संध्याकाळी दादा आले. पायरीवरच उभे राहिले, अजूनही तशीच सवय. काका म्हणाले, "वर ये रे, खुर्चीवर बस." मग कागद त्यांच्यासमोर धरला. दादांना इंग्रजी येत नाही, पण आजोबांचं नाव दाखवल्यावर त्यांनी ते अक्षर-अक्षर लावून बघितलं. म्हणाले, "ह्ये आमच्या आज्याचं नाव? इंग्रजीत?" मग विचारलं, "काय लिवलंय म्होरं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. आता पंचाईत माझी. त्या शब्दाचं मराठी काय सांगायचं? धारण केलेली सांगू, ताब्यातली सांगू, वहिवाटीची सांगू?

मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "तो कसत होता असं लिहिलंय."

भाषांतर म्हणून हे शंभर टक्के बरोबर नाही. मी दुरुस्त केलं नाही.

दादांनी त्या कागदाची झेरॉक्स मागितली. काका म्हणाले, अस्सलच ने, इथे वाळवी लागेल. जबाबाची तारीख पुढच्या मंगळवारची होती, मी तोवर पुण्याला परतलो होतो. दुपारी काकूचा मेसेज आला, सही झाली, येताना तुझी राहिलेली चप्पल घेऊन जा.